दुखापत किंवा आजारानंतर नोकरी टिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंत्रात बोट गेलेले, पाठीचं ऑपरेशन झालेले, टीबी किंवा कॅन्सरचे उपचार घेणारे कामगार आणि त्यांच्या घरची माणसं पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न भरपाईचा असतो. नोकरीचं मागून सुचतं, आणि तोवर बऱ्याचदा राजीनाम्यावर सही होऊन गेलेली असते. म्हणून इथे नोकरी आधी घेतली आहे, पैसे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इथले बरेच कायदे आणि कलमं जुनी आहेत, त्यांची जागा आता नव्या श्रम संहितांनी घेतली आहे. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ नंतरचा असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

१. कामावर अपघात झाला. पहिल्या दोन-चार दिवसांत काय करायचं?

उपचार सुरू झाले की लगेच कागद बघा. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे दवाखान्याचा केसपेपर. "प्रेस मशीनवर काम करताना" ऐवजी त्यावर "घरी पडून" असं लिहिलेलं असेल तर पुढची सगळी प्रकरणं त्या एका ओळीवर अडतात. जखमी माणूस शुद्धीत नसतो आणि माहिती सोबत आलेला सुपरवायझर सांगतो, त्यामुळे हे सर्रास होतं. घरच्या माणसाने केसपेपर वाचावा आणि चूक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावी.

कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते विचारा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, ज्याची वर्गणी पगारातून कापतात) लागू असेल तर कंपनीने अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये पाठवायचा असतो. त्याची प्रत मागा, नाही दिली तर निदान फोटो काढून ठेवा. सुपरवायझर आणि एचआर दोघांना व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: कुठे, किती वाजता, कोणत्या मशीनवर, शेजारी कोण होतं. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, अंगठाही नाही.

२. एचआर म्हणतो, "आत्ता राजीनामा दे, बरा झालास की परत घेऊ." देऊ का?

नाही.

राजीनामा दिला की सेवेचं सातत्य तुटतं. परत घेतलंच, तर नवीन माणूस म्हणून, बहुधा ठेकेदाराच्या खात्यावर आणि कमी पगारात. कंपनीने काढलं तर दाद मागता येते. स्वतःहून सोडलेल्या नोकरीसाठी दाद मागताना आधी "मी स्वतःहून सोडलेली नाही" हे सिद्ध करत बसावं लागतं. कंपनीचा गट आरोग्य विमा असेल तर तोही नोकरीबरोबर जातो, आणि नेमका उपचार चालू असताना जातो. तो जाणारच असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची सोय असते. त्यासाठी विमा संपण्याआधी अर्ज करावा लागतो.

एचआरचा माणूस वाईटच असतो असं नाही. पण तोंडी आश्वासन देणारा साहेब सहा महिन्यांनी त्याच खुर्चीत असेल याची खात्री कोण देणार? तुम्ही लेखी वैद्यकीय रजा मागा. दबावाखाली सही करून बसला असाल तर आजच "राजीनामा मागे घेत आहे, तो दबावाखाली घेतला होता" असं पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी हे पत्र पोचलं तर तुमची बाजू खूप भक्कम होते.

३. मी आजारी रजेवर असताना कंपनी मला काढू शकते का?

तुम्ही ईएसआयचे विमाधारक असाल तर ठरावीक काळापर्यंत नाही. १९४८च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ सांगतं की आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना किंवा नुसते उपचार चालू असतानाही हे संरक्षण आहे, पण त्याला मुदत आहे. त्याच कायद्याखाली केलेल्या १९५०च्या विनियमांतल्या ९८व्या विनियमाप्रमाणे सलग ६ महिने झाल्यावर रीतसर नोटीस देऊन सेवा संपवता येते. टीबी, कुष्ठरोग, मानसिक आजार किंवा कॅन्सरसारख्या आजारांत ही मुदत १८ महिन्यांची आहे.

सहा महिने झाले म्हणजे काढलंच पाहिजे, असं मात्र त्यात कुठेही नाही. म्हणूनच पाचव्या महिन्यात गप्प बसू नका. त्याच महिन्यात प्रश्न ६ मधलं पत्र द्या.

ईएसआय नसेल तर इतकं स्पष्ट संरक्षण नाही. दीर्घकाळच्या आजारपणामुळे सेवा संपवणं ही जुन्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपात धरलेली नव्हती, त्यामुळे कपातीची भरपाई सहज मिळत नसे. कंपनीचे स्थायी आदेश (म्हणजे तिचे मंजूर सेवानियम) आणि युनियनचा करार तिथे उपयोगी पडतो. करारात वैद्यकीय कारणावरून पर्यायी काम देण्याचं कलम आहे का, ते आधी बघा.

४. रजेच्या काळात ईएसआयमधून किती पैसे मिळतात?

रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये धरू.

साध्या आजारपणात ७० टक्के, म्हणजे दिवसाला ४२० रुपये, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. यादीतल्या ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्के, म्हणजे ४८० रुपये, आणि हा लाभ वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी लागते. कामावरच्या दुखापतीत ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये, तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालेलं असावं, एवढंच. वर्गणीच्या दिवसांची अट इथे नाही. कामाच्या पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहे.

ज्या दिवसांचा लाभ घेता, त्या दिवसांत कुठेही पगारी काम करू नका. भावाच्या दुकानात बसलात आणि कुणी तक्रार केली, तर लाभही जातो आणि नोकरीवरचा दावाही कमजोर होतो.

५. माझा पगार २१ हजारांच्या वर आहे, ईएसआय कापत नाहीत. मग काय?

मग कामावरच्या दुखापतीची जबाबदारी थेट मालकावर येते, १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे. हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरतात (३ जानेवारी २०२० पासून). पूर्ण कायम अपंगत्वात त्या वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणांकाने गुणतात. चाळिशीच्या माणसाचा गुणांक १८४.१७ आहे, म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, १६,५७,५३० रुपये. अंगठा गेला तर परिशिष्टात ३० टक्के नुकसान धरलं आहे, त्याचे ४,९७,२५९ रुपये होतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे अर्धा पगार.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात मिळाली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि कारण नसताना टाळाटाळ केली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो.

कामाशी संबंध नसलेल्या आजारात या कायद्याचा उपयोग नाही. तिथे रजा शिल्लक किती, हाच प्रश्न. महाराष्ट्रातल्या दुकानं-आस्थापना कायद्यात (२०१७) वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आणि कामाच्या दिवसांवर मिळणारी अर्जित रजा आहे. कॅन्सरच्या उपचाराला ती कुठे पुरणार!

६. डॉक्टर एकतर "फिट" लिहितात नाहीतर "अनफिट". मी मधला आहे, हलकं काम करू शकतो. कंपनी ऐकत नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे, आणि सगळ्यात जास्त नोकऱ्या याच जागी जातात. "अनफिट" लिहिलं तर रजा लांबते. "फिट" लिहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला उभं राहावं लागतं, आणि पंधरा दिवसांत पाठ पुन्हा धरते.

डॉक्टरांना हे दोन शब्द सोडून तिसरं काहीतरी लिहायला सांगा. तुम्ही काय काम करता हे त्यांना माहीत नसतं, ते कामाच्या भाषेत सांगा: किती किलो उचलता, किती तास उभे असता, पायाने पेडल मारता की हाताने, रात्रपाळी आहे का. मग ते असं लिहू शकतात: "कामावर रुजू होण्यास योग्य. सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, सलग दोन तासांपेक्षा जास्त उभे राहू नये, रात्रपाळी देऊ नये. सहा आठवड्यांनी फेरतपासणी." मुदत लिहिलेली हवी. मुदत नसलेलं निर्बंधांचं प्रमाणपत्र पाहिलं की कंपनीला वाटतं, हा माणूस आता कायमचा असाच.

ते प्रमाणपत्र जोडून पत्र द्या. पत्रात "काहीतरी हलकं काम द्या" असं मोघम लिहू नका. शॉपमध्ये कोणती कामं आहेत हे एचआरपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असतं. नावानिशी मागा: इन्स्पेक्शन टेबल, टूल क्रिब, स्टोअरची नोंद, पॅकिंगवर लेबल, नव्या मुलांना मशीन शिकवणं. मजकूर साधारण असा:

"मी दिनांक अमुक पासून कामावर रुजू होण्यास तयार आहे. सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रातील निर्बंध सहा आठवड्यांसाठी आहेत. या काळात मला इन्स्पेक्शन किंवा स्टोअर विभागात काम द्यावे, ही विनंती. माझे पद, वेतन व सेवासातत्य कायम राहील असे गृहीत धरत आहे. काम देणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे."

"तयार आहे" हे शब्द गाळू नका. पुढे कंपनीने "हा स्वतःच आला नाही, गैरहजर राहिला" असं म्हटलं तर उत्तर म्हणून हेच पत्र उभं राहतं. पोच घ्या. गेटवर घेतलं नाही तर पोस्टाने पाठवा.

पुष्कळ वेळा काम बदलावंही लागत नाही. उभ्याऐवजी उंच स्टूल, फिजिओथेरपीच्या दिवशी शिफ्टची अदलाबदल, वजन सरकवायला ट्रॉली, पहिला महिना ओव्हरटाइम बंद, एवढ्यात भागतं. खर्च काही हजारांत असतो. शिकलेला ऑपरेटर घालवून नवा तयार करायला, त्यात जाणारा स्क्रॅप धरला तर, कितीतरी जास्त लागतो. मॅनेजरशी बोलताना कायद्याचा धाक दाखवण्याआधी हा हिशेब मांडा. आमचा अनुभव असा की तोच लवकर पटतो.

७. मी एसटीत (किंवा महापालिकेत, सरकारी कंपनीत) आहे. अपघातानंतर ड्रायव्हिंग जमणार नाही. घरी बसवतील का?

बसवू शकत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४) अगदी स्पष्ट आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढायचं नाही, पदावनत करायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पदच रिकामं नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जास्तीच्या) पदावर ठेवायचं. राज्य परिवहन महामंडळं, महापालिका, सरकारी मालकीच्या कंपन्या आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था या व्याख्येत येतात.

हा हक्क नवा नाही. १९९५च्या कायद्यात तो कलम ४७ मध्ये होता. कुणाल सिंग खटल्यात (२००३) पाय गमावलेल्या जवानाला अपंगत्व निवृत्तिवेतन देऊन मोकळं होता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणाच्या परिवहन महामंडळाने रंगांधळेपणामुळे काढलेल्या चालकाला पर्यायी काम देण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने दिला.

डेपोत "स्वेच्छानिवृत्ती घे, मुलाला लावू" असा सल्ला मिळतो. तो देणारा मनापासून देत असेल, पण मुलाच्या नोकरीचा लेखी आधार आणि स्वतःचं कलम २०(४) हे दोन्ही समोर ठेवून मगच ठरवा.

अपवाद दोन. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या लढाऊ पदांना केंद्राने २०२१ मध्ये या कलमातून सूट दिली आहे. आणि वेट लीजवरच्या (ठेकेदाराकडून चालकासह भाड्याने घेतलेल्या) बसचा चालक गणवेशावरून कुणाचाही वाटला तरी नोकर ठेकेदाराचा असतो, त्याने प्रश्न ८ आणि ११ वाचावेत.

८. खासगी कंपनीला हे कलम लागू नाही का?

कलम २०(४) नाही, आणि ही त्या कायद्यातली मोठी उणीव आहे. पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणं याच कायद्याने बंधनकारक केलं आहे, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयींचा तपशील हवा. ते धोरण लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी ते नसतंच, आणि मागितल्यावर कंपनी थोडी सावध होते.

९. बोट गेलं, पण मी कामावर परत गेलो. ईएसआयची पेन्शन बंद होईल का?

नाही. कायम अपंगत्वाचा लाभ कमाईच्या क्षमतेतल्या नुकसानीबद्दल असतो आणि पगार चालू असतानाही आयुष्यभर मिळतो. प्रश्न ४ मधलंच उदाहरण घेतलं तर पूर्ण दर ५४० रुपये. वैद्यकीय मंडळाने ३० टक्के नुकसान ठरवलं तर दिवसाला १६२. कामावर गेलो तर पेन्शन जाईल या भीतीने घरी बसलेले लोक भेटतात. त्यांचं दोन्हीकडून नुकसान होतं.

१०. दिव्यांग प्रमाणपत्रावर ४५ टक्के आहेत, ईएसआयच्या मंडळाने २० टक्केच दिले. चूक कुणाची?

कदाचित कुणाचीच नाही. यूडीआयडी कार्डावरची (दिव्यांगांच्या ओळखपत्रावरची) टक्केवारी शरीराच्या दिव्यांगत्वाची असते, भरपाईतली टक्केवारी कमाईच्या क्षमतेच्या नुकसानीची. दोन्ही वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. पण मंडळाने तुमच्या कामाचा विचारच केला नाही असं वाटत असेल तर अपील करा, मुदत न दवडता. १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं अपंगत्व पूर्ण धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून अपिलात स्वतःच्या कामाचं वर्णन सविस्तर द्या.

कलम २०(४) मध्ये मात्र ४० टक्क्यांची अट लिहिलेली नाही. ती आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. एसटीतल्या मंडळींची इथे गल्लत होते.

११. मी ठेकेदाराचा माणूस. अपघात झाल्यावर त्याच दुपारी माझी ईएसआय नोंद केली. चालेल का?

तुमच्या हक्काला धक्का नाही. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ अडत नाही, ईएसआय महामंडळ लाभ देऊन पैसे मालकाकडून वसूल करू शकतं. तुम्ही आधीपासून कामावर होता याचा पुरावा लागेल: गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेत किंवा मोबाइलवर आलेला पगार, सोबत्यांचे जबाब. ईएसआय लागूच नसेल तर ठेकेदाराबरोबर मुख्य कंपनीवरही भरपाईची जबाबदारी येते. नोकरीबाबत मात्र पत्र दोघांनाही द्या, कारण पर्यायी काम कुठलं रिकामं आहे ते कंपनीलाच माहीत असतं.

१२. कामावर येताना गाडीवरून पडलो. हा कामावरचा अपघात धरतात का?

धरता येतो. ईएसआय कायद्यात २०१० पासून तशी तरतूद आहे. त्या कायद्याबाहेरच्यांसाठी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल दिला. साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला निघाला असताना वाटेत दगावला होता, त्याच्या कुटुंबाची भरपाई न्यायालयाने मान्य केली. वेळ, वाट आणि कामाचा संबंध जुळला पाहिजे. पाळी सुटल्यावर तालुक्याच्या बाजाराला वळसा घालून झालेला अपघात यात बसवणं अवघड.

१३. आजार काय आहे हे कंपनीला सांगावंच लागतं का? टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार असेल तर?

सहकाऱ्यांना सांगण्याचं बंधन तर मुळीच नाही. कामावर परतताना कंपनीला आजाराच्या नावापेक्षा निर्बंध कळणं गरजेचं असतं, म्हणजे प्रश्न ६ मधलं प्रमाणपत्र पुरतं.

एचआयव्हीबाबत कायदा सर्वांत कडक आहे. १९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक महामंडळाला सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नाकारता येणार नाही. २०१७ चा कायदा (१० सप्टेंबर २०१८ पासून लागू) खासगी मालकांनाही भेदभाव करायला मनाई करतो आणि नोकरीसाठी चाचणीची अट घालू देत नाही.

टीबी आणि मनोविकृती ईएसआयच्या ३४ आजारांच्या यादीत आहेत. टीबीच्या रुग्णांना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. औषधं मध्येच सोडू नका, आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद जपून ठेवा. कामावर परतताना कुजबुज थांबवायला तो लागतो.

१४. जुनं काम कधीच जमणार नाही आणि कंपनीत दुसरं काम नाही, हे नक्की झालं. मग?

कामावरच्या दुखापतीने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलं असेल आणि वय ४५ पर्यंत असेल तर ईएसआय व्यवसाय प्रशिक्षणाचा खर्च देते. कृत्रिम हात-पायही विमाधारकाला मिळतात. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हेच काम करते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट अपंगत्वामुळे सेवा संपली तर लागत नाही, हे कित्येक अकाउंटंटनाही ठाऊक नसतं. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असेल तर ईपीएसची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) अपंगत्व पेन्शन दहा वर्षं भरण्याआधीही मिळते.

१५. नव्या श्रम संहिता आल्या. वरचं सगळं रद्द झालं का?

चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ईएसआय, नुकसानभरपाई आणि ग्रॅच्युइटीचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. चौकट तीच आहे: विमा असेल तर महामंडळ, नसेल तर मालक. येण्याजाण्यातल्या अपघाताचा उल्लेख आता भरपाईच्या भागातही थेट आहे. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर जुना कायदा धरून चाला. नंतरचा असेल तर पत्रात जुन्या कलमांचे क्रमांक टाकू नका, कलम ७३ सुद्धा नाही. मागणी शब्दांत लिहा आणि क्रमांक युनियनच्या वकिलाकडून तपासून घ्या. दिव्यांग हक्कांचा आणि एचआयव्हीचा कायदा संहितांच्या बाहेर आहेत, ते जसेच्या तसे लागू आहेत.

१६. कंपनी दोन लाख रोख देते आहे, पण "सर्व हिशेब पूर्ण, कोणतीही मागणी नाही" असं लिहून मागते. घेऊ का?

आधी प्रश्न ५ मधला हिशेब स्वतःच्या वयाने आणि दुखापतीने करून बघा. दोन लाख बहुतेकदा त्याच्या बरेच खाली निघतात. कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देण्याचा करार १९२३च्या कायद्याने निरर्थक ठरवला आहे, त्यामुळे त्या सहीने भरपाईचा हक्क संपत नाही. पण त्याच कागदात तिसऱ्या-चौथ्या ओळीत "मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे" असंही घुसवलेलं असतं, आणि त्या वाक्याला असं कोणतंही संरक्षण नाही. पैसे घ्यायचे असतील तर बँकेतून घ्या, पावतीवर "अपघात भरपाईपोटी अंशतः" एवढंच लिहा, आणि नोकरीबद्दलची ओळ पेनाने खोडून तिथे सही करा. खोडू देत नसतील तर पैसे टेबलावर राहू द्या आणि कागदाचा फोटो घेऊन बाहेर या.